पाण्यावर बैल, जमिनीवर कोम्पाद्रे

एलिओदोरो माझ्या दारात आला तेव्हा मी होडीला डांबर लावत बसलो होतो. त्यानं हॅट काढून छातीशी धरली, अंगणाच्या कडेला उभं राहून सकाळचा नमस्कार केला आणि विचारलं, "आत येऊ का, कोम्पाद्रे?"

आमच्या अंगणाला ना कुंपण ना फाटक. वाळू आहे, दोन माड आहेत आणि उलटी टाकलेली होडी. आत म्हणजे कुठे यायचं होतं त्याला, देव जाणे.

"या की, कोम्पाद्रे. बसा."

"नको, बसत नाही. तुमच्या कामाचा खोळंबा होईल. घरची मंडळी बरी आहेत ना?"

घरात मी आणि एक एकडोळी मांजर. त्याला हे चांगलं ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "देवाची कृपा. तुमच्याकडे?"

"देवाची कृपा."

चौदा वर्षं आम्ही हे असंच बोलत आलो होतो. लांबून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, काय ही माणसं, काय हा एकमेकांचा मान! आणि माझ्या मनात मात्र यायचं, हा डांबराचा डबा उचलावा आणि याच्या डोक्यावर उपडा करावा.

"एक विनंती घेऊन आलोय," तो हॅट बोटांत फिरवत म्हणाला. "लेक आलीय, नेरेइदा. गुरुवारी मला तिच्याकडे नेणार, शहरात, ग्वादालाहाराला. डोळ्यांचं ऑपरेशन करू या म्हणते. आणि मग तिकडेच राहा म्हणते."

"कायमचं?"

"तसंच म्हणते." हॅट एक पूर्ण फेरी फिरली. "बस खाडीपलीकडून सुटते, चर्चच्या चौकातून. बांधावरून चालायचं तर आता दिसत नाही मला. तुमची होडी जर..."

कोम्पाद्रेनं मागितलेली गोष्ट कोम्पाद्रे नाकारत नाही, हे आमच्याकडे लहान पोरांनाही कळतं. पण गेली चौदा वर्षं या माणसानं माझ्या होडीत पाय ठेवला नव्हता.

"होडी तुमचीच आहे," मी म्हणालो.

"उपकार झाले, कोम्पाद्रे."

त्यानं हॅट घातली आणि तो पायानं वाळू चाचपत मिठागरांकडे निघून गेला. जन्मभर पांढऱ्या मिठावरचं ऊन बघून त्याचे डोळे दुधाळ झाले होते. रस्ता तो पावलांनी ओळखायचा.

मी डांबराचा ब्रश हातात धरून तसाच बसून राहिलो. गुरुवारी तो माझ्या होडीत बसणार होता. पाण्यावर, माझ्यासमोर, दुसरं कुणी नसताना. मला आयुष्यात आता फार काही मागायचं नव्हतं. त्यानं जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, मला बैल म्हणावं एवढंच हवं होतं.

हसू नका. सांगतो.

आमच्या भाषेत मित्राला हाक मारायला शब्दांचा तोटा नाही. मीठ भरायला ट्रकवाले येतात ना, ते येताना आपापला शब्द घेऊन येतात. राजधानीकडचे म्हणतात 'कार्नाल', म्हणजे आपल्याच रक्तामांसाचा. जुनी माणसं म्हणतात 'क्वाते', म्हणजे जुळा. आमच्या खाडीवर मात्र एकच शब्द चालतो, 'वेय'. वेय म्हणजे बैल. हल्ली शहरातली पोरं दर तिसऱ्या शब्दाला वेय म्हणतात, पोरीसुद्धा पोरींना म्हणतात, वाक्यात श्वास घ्यायला जागा हवी म्हणून म्हणतात. आमच्या वेळी तसं नव्हतं. परक्याला बैल म्हटलं तर मारामारी व्हायची, मोठ्या माणसाला म्हटलं तर थोबाडीत बसायची. ज्याच्यासमोर आपण मूर्ख ठरलो तरी चालतं, अशा एकालाच म्हणायचं.

माझा तो एक म्हणजे एलिओदोरो. सात वर्षांचे असल्यापासून आम्ही एकाच वाफ्यात मीठ ओढायचो. माझी आई मला क्रिस्पिन म्हणायची, मुकादम 'ए' म्हणायचा, बायको होती तोवर ती काहीच म्हणायची नाही आणि मग एक दिवस निघूनच गेली. एलिओदोरो म्हणायचा, "बैला." मला विचाराल तर माझं खरं नाव तेच.

मग नेरेइदा जन्मली आणि त्यानं मला तिचा धर्मबाप व्हायला सांगितलं.

यापेक्षा मोठा मान आमच्याकडे नाही. मुलाचा एक बाप जन्माचा, दुसरा बाप्तिस्म्याचा, आणि ते दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे, सहबाप म्हणा हवं तर. पण त्याबरोबर बेडीही येते. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांना अहो-जाहो करायचं. शिवी नाही, थट्टा नाही, पैज नाही. कालपर्यंत ज्याच्या पाठीत गुद्दा घातला त्याला आज हॅट काढून नमस्कार करायचा. व्याह्यांनी वागावं तसं वागायचं, मरेपर्यंत.

चर्चमध्ये फादरनी पाणी ओतलं, पोरगी किंचाळली, आणि बाहेर पायरीवर एलिओदोरोनं माझ्यासमोर हात पुढे केला. "अभिनंदन, कोम्पाद्रे. तुम्ही आमच्यावर उपकार केलेत."

तुम्ही! त्याची बायको लाला शेजारी कौतुकानं बघत होती, म्हणून मीही म्हणालो, "उपकार कसले, कोम्पाद्रे."

लाला आणि पोर माहेरच्या माणसांत थांबली. जेवणासाठीची माडी आणि मासे आमच्या बाजूला होते, ते आणायला आम्ही दोघं होडीतून निघालो. दुपार होती. आमच्या खाडीवर दुपारी बारानंतर काय होतं ते पाहिल्याशिवाय पटत नाही. वारा पडतो, पाणी आणि आकाश एकच होतात आणि पलीकडचा किनारा जागेवरून सुटतो. चर्चचा मनोरा पाण्याच्या वर हातभर तरंगत राहतो, माडांची खोडं दिसत नाहीत, नुसते शेंडे. आपण होडी ढकलतोय की होडी थांबलीय आणि जगच मागे सरकतंय, काही कळत नाही.

खाडीच्या बरोबर मधोमध एक खुंटा आहे, जुन्या धक्क्याचा उरलेला. त्यावर कायम एक पाणकोळी बसलेला असतो. तिथं पोचलो तशी एलिओदोरोनं खुंटा हातानं पकडला आणि होडी थांबवली.

"काय झालं, कोम्पाद्रे?" मी विचारलं.

"कोम्पाद्रे गेला खड्ड्यात! इकडं बघ, बैला."

मी बघितलं. तो रडकुंडीला आला होता.

"मला नाही जमायचं हे," तो म्हणाला. "तुला तुम्ही म्हणालो तर असं वाटलं की आपल्या दोघांतलं कुणीतरी मेलंय."

"मग मला कशाला केलंस धर्मबाप? चांभाराला करायचं होतंस."

"गप ए! माझ्या पोरीचा बाप चांभार?"

आम्ही हसायला लागलो ते थांबेनाच. पाणकोळी उडून गेला. मग एलिओदोरोनं खाडीचं पाणी ओंजळीत घेतलं, अर्धं स्वतः प्यायला, अर्धं मला पाजलं. मिठागराची माणसं आम्ही, खाऱ्या पाण्याहून मोठी शपथ आमच्याकडे नाही. नियम असा ठरला: होडीत आपण दोघंच असलो की बैल. होडीचं नाक वाळूला टेकलं की कोम्पाद्रे. पाण्यावर फादरचा हात पोचत नाही.

पंधरा वर्षं तो नियम आम्ही पाळला. किनाऱ्यावर इतके सभ्य असायचो की लोक आपल्या पोरांना आमचा दाखला द्यायचे. आणि होडी ढकलली की खुंट्यापर्यंतसुद्धा थांबायचो नाही. "बैला, काल तू फादरसमोर काय हात जोडले होतेस रे, जसा काय पोपच!" "आणि तू? मला म्हणे 'वहिनींना नमस्कार सांगा'!" "कुठली वहिनी, बैला? पळाली ना!" माझी बायको गेल्याचं गावात कुणी माझ्यापुढे काढत नसे. तो काढायचा, आणि तेवढं बोलून झालं की माझ्या छातीवरचा दगड उतरायचा. मग होडी ढकलायची काठी आडवी टाकायचो. होडी आपोआप वाहायची. ती दुपार अजून तिथं खुंट्यापाशीच थांबलेली आहे असं मला कधी कधी वाटतं.

आणि मग माझ्या तोंडानं सगळं नासवलं.

मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की आमच्याकडे लग्नासारखा सोहळा करतात. नेरेइदाला गुलाबी झगा शिवला होता, इतका मोठा की ती दारातून आडवी होऊन आली. लालाचे नातेवाईक कोलिमाहून आले होते, दोन फादर होते, अख्खं गाव होतं. एलिओदोरोनं भाड्यानं करडा सूट आणला होता. दोन महिने तो मिठागरात फावड्यावर रेलून भाषण पाठ करत होता. मला माहीत होतं, कारण होडीत त्यानं ते मला नऊ वेळा ऐकवलं होतं.

तो उभा राहिला. मिठानं तडकलेल्या हातात कागद होता. "आणि माझे कोम्पाद्रे," तो म्हणाला, "आदरणीय डॉन क्रिस्पिन, ज्यांनी माझ्या मुलीचं डोकं पवित्र पाण्यावर धरलं, आणि ज्यांनी मला..."

तिथं त्याचा आवाज फुटला. त्या भाड्याच्या सुटात, सगळ्यांसमोर, माझा मित्र रडत उभा होता आणि मला ते बघवेना. मी तीन पेले प्यायलो होतो हे खरं, पण दोष पेल्यांचा नाही. माझ्या जिवाला लागलं आणि जिवातला शब्द तोंडातून निघाला.

"रडतोस काय, बैला! हस की!"

आणि मग मागच्या बाकावरून गावचा न्हावी हंबरला. "हम्मा!"

लोक हसले. सगळे. फादरसुद्धा. कोलिमाचे पाहुणे तर डोळे पुसत होते. एलिओदोरोनं कागदाची चौघडी केली, कोटाच्या खिशात ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "धन्यवाद, कोम्पाद्रे." उरलेलं भाषण माझ्याखेरीज जगात कुणी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टोपलीभर मासे घेऊन माफी मागायला गेलो. त्यानं मला खुर्ची दिली, लालाला कॉफी करायला सांगितली.

"माफी कसली, कोम्पाद्रे? तुम्ही आमचे पाहुणे होतात."

"अहो, माझं चुकलं."

"तुमचं कधी काही चुकत नाही, कोम्पाद्रे. साखर घ्या."

या माणसाशी भांडायचं तरी कसं? त्यानं शिव्या दिल्या असत्या, फावडं फेकून मारलं असतं, तर मी त्याच दिवशी सुटलो असतो. मानानं मारलेल्याला ओरडताही येत नाही. त्या रविवारी तो चर्चला खाडीला वळसा घालून बांधावरून गेला, जायला दोन तास, यायला दोन तास. पुढचे सगळे रविवार तसाच. पोरं त्याच्या मागं हंबरत जायची, हा मान वळवत नसे. पोरं कंटाळली, मोठी झाली, हा चालतच राहिला. कधी कधी मी होडी काठाकाठानं त्याच्याबरोबर न्यायचो. तो वर बांधावर, मी खाली पाण्यात, दोघांची गती एक. तो हॅट उचलायचा. मी हॅट उचलायचो. बस्स.

गुरुवारी उजाडताच मी होडी पुसून काढली. एलिओदोरोच्या जागेवर गोणपाटाची घडी घातली, मग वाटलं फार झालं, काढून टाकली, मग पुन्हा घातली.

सामान इतकं होतं की दोन खेपा कराव्या लागणार होत्या. पहिल्या खेपेला नेरेइदा आणि ट्रंका. ती आता शहरात नर्स आहे, पण होडीत बसल्या बसल्या चपला काढून पाय पाण्यात सोडले तेव्हा मला ती पाच वर्षांची दिसली.

"पाद्रिनो," ती म्हणाली. धर्मबापाला आमच्याकडे तशी हाक मारतात. "पप्पांसाठी मी जीप सांगते म्हटलं होतं. ते म्हणाले नको, कोम्पाद्रेंना विचारतो."

माझ्या हातातली काठी चिखलात रुतली. "ते स्वतः म्हणाले?"

"हो. दोन दिवस फेऱ्या मारत होते अंगणात, मग तुमच्याकडे आले. काय चाललंय तुम्हा दोघांचं? लहानपणी किती छान वाटायचं. आम्ही किनाऱ्यावर बसायचो आणि तुमचा आवाज यायचा."

"आमचा आवाज? कुठला आवाज?"

ती हसायला लागली. "पाद्रिनो! तुम्हाला काय वाटलं, कुणाला ऐकू येत नव्हतं? वारा पडला की पाण्यावरून सगळं ऐकू येतं किनाऱ्यावर. एकेक शिवी! आई होती तेव्हा कपडे धुताना ऐकायची आणि म्हणायची, 'सुटले बैल.'"

मी काठी थांबवली. "गावाला माहीत होतं?"

"गावालाच काय, फादरना माहीत होतं."

पंधरा वर्षं आम्ही आपले दोन शहाणे, पाण्यावर लपून बसलेले!

"मग तुझ्या बापाला राग कशाचा आला?"

"ते त्यांनाच विचारा. मला त्या दिवशी माझ्या झग्याची काळजी होती."

तिला पलीकडे उतरवून रिकामी होडी घेऊन परत येताना मी तोच विचार करत होतो. गावाला शब्द कळला म्हणून तो दुखावला नव्हता. गावाला आधीच कळलेला होता. पण आम्ही दोघांनी खारं पाणी पिऊन एक जागा राखून ठेवली होती, जगात तेवढी एकच, आणि मी ती न विचारता सगळ्यांच्या पुढ्यात नेऊन ओतली होती. त्याच्या रडण्याबरोबर. चौदा वर्षं मी शब्दाची माफी मागत होतो. मागायला हवी होती ती त्या जागेची.

एलिओदोरो वाळूवर वाट बघत होता. भाड्याचा नव्हे, स्वतःचा काळा कोट, आणि मांडीएवढी मिठाची गोणी.

"तिकडे मीठ मिळतं, कोम्पाद्रे," मी म्हणालो.

"मिळतं. खारट नसतं."

मी त्याचा हात धरून त्याला होडीत घेतलं. त्यानं गोणपाटाची घडी चाचपली, माझ्याकडे तोंड करून बसला. गोणी मांडीवर. मी होडी ढकलली आणि नाक वाळूतून सुटलं.

बारा वाजून गेले होते. वारा नव्हता. मनोरा पाण्यापासून सुटून वर गेला, मग माड गेले, मग सगळा किनारा गेला. राहिलं ते नुसतं पांढरं. लांब ज्वालामुखीवर धुराची एक रेघ होती, तीही पाण्यातली की आकाशातली, सांगता आलं नसतं. आम्ही सासष्ट वर्षांचे नव्हतो, सदतीसचेही नव्हतो. मला वाटलं आता पुढच्या क्षणाला तो म्हणेल, फादरसमोर काय हात जोडले होतेस रे. मी वाट बघत काठी मारत होतो. काठीवरून गळणाऱ्या थेंबांचा आवाज येत होता.

खुंटा आला. मी होडी थांबवली.

"खुंटा आला का, कोम्पाद्रे?" त्यानं विचारलं.

पाण्यावर. आम्ही दोघंच. कोम्पाद्रे.

"आला," मी म्हणालो.

"पाणकोळी बसलाय?"

"बसलाय."

"वाटलंच. वास येतोय." त्यानं हात लांब करून खुंटा चाचपला, त्यावरच्या शिंपल्यांवरून बोटं फिरवली. "यंदा मीठ चांगलं आलं."

माझ्या जिभेवर तो शब्द होता. एकदा म्हणून टाकावा, होईल ते होईल. पण म्हणायचा हक्क मीच घालवला होता. जो शब्द मी त्याच्याकडून हिसकावून नेला, तो त्यानंच परत आणला तर आणायचा. त्यानं नाही आणला. जमिनीवर मी बैल म्हणालो होतो, त्यानं पाण्यावर कोम्पाद्रे म्हणून फिट्टंफाट केली. न्याय झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याला दिसत नव्हतं म्हणून मी पुसलंही नाही.

"चांगलं आलं, कोम्पाद्रे," मी म्हणालो, आणि काठी मारली.

चौकात बस उभी होती. चर्चच्या सावलीत बाकावर तीच जुनी मंडळी बसलेली, माडीवाला इथल्या रिवाजाप्रमाणे माडीच्या पेल्यांत शेंगदाणे टाकत होता, न्हाव्याचं दुकान उघडं होतं. तोच न्हावी, आता साफ टकला. नेरेइदानं ट्रंका चढवल्या. एलिओदोरोनं बसच्या पायरीपाशी हॅट काढली. मी काढली.

"कोम्पाद्रे," तो म्हणाला, "काही चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घ्या."

"तुम्हीही, कोम्पाद्रे."

हात मिळवले. त्याचा हात अजून मिठासारखा खरखरीत होता. मग नेरेइदानं त्याला वर घेतलं, दार लागलं आणि मी चार पावलं मागे येऊन चिंचेखाली उभा राहिलो. आता घरी जावं, मांजरीला मासा घालावा, असा विचार करत होतो.

बस सुरू झाली. दोन हात पुढे गेली असेल नसेल, खिडकीतून एलिओदोरोचं अर्धं अंग बाहेर आलं. हॅट नव्हती. ऊन थेट त्याच्या दुधाळ डोळ्यांत, आणि तोंड भलतीकडेच, माडीवाल्याच्या गाडीकडे.

"बैला!" तो ओरडला. "ए बैला! कुठायस रे?"

चौकातली एकूण एक मान वळली. फादर चर्चच्या दारात आले. न्हावी हातात कात्री घेऊन दुकानाबाहेर आला.

"बैला! बोल की, मेल्या! दिसत नाही मला!"

जमिनीवर. भर दुपारी. कोम्पाद्रेला, सगळ्या गावासमोर. मला उत्तर द्यायचं होतं, पण चौदा वर्षांत साठवलेले सगळे शब्द एकदम तोंडाच्या दारात आले आणि दारातच अडकले. तो खिडकीत मान इकडे तिकडे फिरवत होता, आंधळ्यासारखा, नव्हे, आंधळाच, आणि बस पुढे सरकत होती. त्याला वाटणार होतं मी निघून गेलो.

तेव्हा मी हंबरलो.

पायाच्या नखापासून हंबरलो. सासष्ट वर्षांचा माणूस, हातात हॅट, गालांवर पाणी, चर्चसमोर. "हम्माऽऽ!"

त्याची मान थांबली. वळली. बरोबर माझ्याकडे वळली. दोन दात पडलेलं ते तोंड उघडलं आणि एलिओदोरो खो खो हसला, लहानपणी वाफ्यात हसायचा तसा, मग त्यानंही हंबरून उत्तर दिलं. बाकावरची मंडळी हसत होती. हसू देत.

बस वळणाआड गेली. धूळ बसली. मी तरी हंबरतच होतो, कारण त्या दिवशी वारा पडलेला होता आणि आवाज कुठवर जातो ते आता मला ठाऊक झालं होतं.